पॉप-अप कॅम्परचं छत उचलणारी यंत्रणा: बिघाड एका कोपऱ्यात, काम चारही कोपऱ्यांचं

पॉप-अप कॅम्पर म्हणजे गाडीमागे ओढायची, घडी होणारी राहायची गाडी: खाली डबा, मधे कॅनव्हासच्या भिंती, वर ताठ छत. हँडलने विंच (केबल ड्रमवर गुंडाळणारं यंत्र) फिरवला की तो केबल ओढतो, आणि त्या केबल चार कोपऱ्यांतले एकात एक सरकणारे खांब वर नेतात. प्रश्न थोडक्यात असा आहे. पॉप-अप कॅम्परचं छत हँडल फिरवून वर नेताना मागचा उजवा कोपरा अर्ध्यावर थांबला, खालून ‘फट्’ असा आवाज आला आणि छत त्या बाजूला कललं. बाकीचे तीन कोपरे वर जातात. आता तेवढ्या कोपऱ्याची केबल बदलली तर भागेल का? बदलायचीच तर जाड किंवा स्टेनलेस स्टीलची घालावी का? टोकांना यू-क्लॅम्प (यू आकाराच्या बोल्टची पकड) चालतील का? आणि सगळं उघडलंच आहे तर हाताच्या विंचऐवजी इलेक्ट्रिक विंच बसवून घ्यावा का?

सगळ्यात आधी: हँडलला आता हात लावू नका. तीन कोपरे जातात म्हणून छत वर नेऊन बघू, असं प्रत्येकाला वाटतं, आणि दुरुस्ती दुप्पट होते ती तिथेच. त्याचं कारण कळलं की वरच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं त्यातूनच मिळतात.

कॅम्परच्या छताची चौकट बरीच ताठ असते. ताठ वस्तू चार आधारांवर ठेवली म्हणजे भार चौघांत सारखा वाटला जातो, असं नाही. चार पायांचं टेबल उंचसखल फरशीवर ठेवून पाहा. ते तिरकस समोरासमोरच्या दोन पायांवर उभं राहतं, उरलेले दोन नुसते टेकल्यासारखे करतात. छताचंही तसंच होतं. समजा छत १६० किलोचं आहे. सगळं ठीक असेल तर प्रत्येक खांबावर साधारण ४० किलो येतात. मागचा उजवा खांब कामातून गेला की भार उरलेल्या तिघांत वाटला जात नाही. तो मागचा डावा आणि पुढचा उजवा या दोघांवर जातो, प्रत्येकी जवळपास ८० किलो. पुढचा डावा खांब तिरकस समोर असल्यामुळे रिकामा होतो. म्हणजे दोन केबल दुप्पट भाराने ताणल्या गेल्या, आणि तिसरी इतकी सैल झाली की ती पुलीच्या खोबणीतून सहज उडते. पुली आणि तिच्या ब्रॅकेटच्या मधल्या फटीत जाऊन बसलेली अशी केबल पुढच्या उचलीत चिरडली जाते.

म्हणूनच एकट्या मागच्या उजव्या कोपऱ्याची केबल बदलू नका. चारही बदला, विंचपासून निघणारी मुख्य केबलही बदला. तीन जुन्या केबल गंजल्या आणि वाकल्या आहेत तुटलेलीइतक्याच, वर त्यातल्या दोघींनी दुप्पट भार सोसला आहे. शिवाय नव्या आणि जुन्या केबल ताणाखाली सारख्या वाढत नाहीत. त्यामुळे छत समतल करायला गेलात की ते दर काही वेळाने पुन्हा तिरकं होतं.

आता काम. पहिला भाग कंटाळवाणा आहे, पण जीव त्याच्यावर अवलंबून आहे. कुठलाही बोल्ट सैल करण्याआधी छताचं सगळं वजन यंत्रणेवरून काढून टेकूंवर घ्यायचं. गाडी सपाट, कडक जमिनीवर, चाकांना पुढे-मागे अडण्या, कोपऱ्यांतले स्टॅबिलायझर खाली. हे स्टॅबिलायझर गाडी हलू नये म्हणून असतात, वजन उचलायला नसतात. गाडीखाली झोपून काम करणार असाल तर चेसिसखाली वेगळे स्टँड लावाच. वारा असेल त्या दिवशी कामाला हात घालू नका. उघडं छत म्हणजे मोठा सपाट पत्रा, वारा त्याच्याखाली शिरला की चार माणसांनाही आवरत नाही.

टेकू साधारण ५ बाय १० सेंटीमीटर जाडीच्या लाकडाचे करा. गाडीच्या डब्याच्या वरच्या कडेपासून छताच्या चौकटीच्या खालच्या कडेपर्यंत अंतर मोजा आणि त्या मापाचे चार कापा. टेकूचं डोकं छताच्या कडेच्या चौकटीखालीच आलं पाहिजे. आतल्या बाजूचा पातळ थर वजन घेत नाही, लाकूड त्यातून आरपार जातं. प्रत्येक टेकू शेजारच्या खांबाला दोरीने किंवा पट्ट्याने बांधा, नाहीतर धक्का लागला की तो पायातून सरकतो. गाडीचा जॅक छताखाली लावून वर-खाली करता येईल, पण त्यावर छत सोडून आत काम करू नका. कॅनव्हासच्या खालच्या कडा डब्यापासून सोडवून ठेवा, म्हणजे कापड ताणलं जाणार नाही.

छत सध्या कललेलं असेल तर आधी ते हाताने सरळ करायचं. दोन्ही बाजूंना दोन-दोन माणसं, शिवाय टेकू सरकवायला एक जण. एकेक कोपरा चार-पाच सेंटीमीटरपेक्षा जास्त पुढे नेऊ नका. एकात एक सरकणाऱ्या खांबांच्या पाइपांना तिरका ताण सोसत नाही. एक कोपरा हातभर खाली राहिला तर बाकीच्या खांबांच्या माना वाकतात, आणि वाकलेला पाइप सरळ करून पुन्हा सुरळीत सरकेल अशी आशा धरू नये, तो बदलावाच लागतो.

छत टेकूंवर आल्यावर विंच थोडा सैल सोडा आणि चारही केबल बोटाने दाबून पाहा. सगळ्या ढिल्या लागल्या तरच पुढे जा.

यानंतर आपली यंत्रणा कोणत्या जातीची आहे ते ओळखा, कारण पुढचं सुटं करणं त्यावर ठरतं. दोन प्रकार नेहमी दिसतात. पहिल्यात प्रत्येक खांबाच्या आत एक लांब, घट्ट वळणांची स्प्रिंग असते. डब्याच्या तळाखालच्या मार्गातून केबल त्या स्प्रिंगचं खालचं टोक ओढते, स्प्रिंग वळणाच्या पाइपमधून वाकून उभी होते आणि खांबाचे तुकडे वर ढकलते. स्प्रिंग इथे झटका खायला नसते, वळण घेऊ शकणाऱ्या दांड्यासारखं काम करते. पाइपच्या भिंती तिला बाजूला वाकू देत नाहीत म्हणूनच ती ढकलू शकते. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या गोशेन गावच्या कंपनीच्या यंत्रणा या पद्धतीच्या म्हणून ओळखल्या जातात, आणि बऱ्याच मालकांच्या बोलण्यात ‘गोशेन लिफ्ट’ हे नाव येतं ते त्यामुळे. दुसऱ्या प्रकारात स्प्रिंग नसते. केबल खांबाच्या प्रत्येक तुकड्याच्या वरच्या आणि खालच्या टोकाच्या छोट्या पुल्यांवरून नागमोडी फिरते आणि सगळ्यात आतल्या तुकड्याला वर खेचते. अशा खांबात कुठला तुकडा आधी सरकेल ते घर्षणावर ठरतं. एका कोपऱ्यात मधला आधी आणि दुसऱ्यात आतला आधी वर आला तर तो बिघाड नाही. छताची उंची चारही ठिकाणी सारखी वाढते आहे ना, एवढंच बघायचं.

दोन्ही प्रकारांत एक गोष्ट बहुधा समान असते: चार कोपऱ्यांच्या केबल गाडीखाली एका जोडपट्टीला किंवा पुल्यांच्या गाड्याला जोडलेल्या असतात, आणि विंचची जाड केबल त्याला ओढते. त्यामुळे बिघाडाची जागा लक्षणावरून बरीच कळते. हँडल हलकं फिरतं आणि छत जागचं हलत नाही, तर मुख्य केबल किंवा विंच. एकच कोपरा खाली, तर त्याच कोपऱ्याची केबल, स्प्रिंग किंवा खांब. एका बाजूचे दोन्ही कोपरे एकदम खाली, तर त्या दोघांना जोडणारी सामाईक फांदी तपासा. तुमच्या वर्णनात एकच कोपरा आहे आणि आवाजही झाला आहे, म्हणजे त्या कोपऱ्याची केबल तुटली, तिच्या टोकाची स्लीव्ह (केबलवर दाबून बसवलेली धातूची नळी) निसटली, किंवा स्प्रिंगचा प्रकार असेल तर स्प्रिंग मार्गातून बाहेर उसळली, या तिन्हींपैकी एक.

सुटं करण्याआधी खालच्या बाजूचा प्रत्येक पुलीजवळचा फोटो काढा आणि कागदावर मार्ग काढून ठेवा. कुठली केबल कुठल्या पुलीच्या वरून जाते आणि कुठल्या खालून, हे आठवणीवर सोडू नका. जुन्या केबल कापण्याआधी त्यांच्या लांब्या मोजा. तुटलेलीच्या लांबीसाठी समोरच्या बाजूची तिची जोडीदार मोजा. डावी-उजवी यंत्रणा एकमेकींचं प्रतिबिंब असेल, तर पुढच्या दोघी सारख्या आणि मागच्या दोघी सारख्या निघतील. जोडपट्टी मधोमध नसेल तर चौघींची मापं वेगळी असू शकतात, म्हणून प्रत्येकीला चिठ्ठी लावा.

तुटलेलं टोक फेकू नका, ते नीट पाहा. प्रत्येक तार वेगळ्या ठिकाणी तुटून टोक कुंचल्यासारखं झालं असेल, तर ती जागा पुलीवरून सतत वाकून थकली आहे. शेजारची पुली बहुतेक फिरतच नसेल. तारांमधून लाल भुकटी झडत असेल तर पाणी आत साचत होतं. तारा चपट्या आणि चकाकणाऱ्या असतील तर केबल खोबणीबाहेर घासत होती. केबल शाबूत आणि फक्त स्लीव्हमधून निसटली असेल तर ती दाबताना कसूर झाली होती. आणि तारांची टोकं ताणून निमुळती झाली असतील तर भार मर्यादेपलीकडे गेला होता. असा जास्तीचा भार बहुतेक दोन प्रकारे येतो: छताच्या कुलपाच्या पकडी उघडायच्या राहिल्या आणि हँडल फिरवलं, किंवा छत पूर्ण वर गेल्यावरही फिरवत राहिलं. कारण शोधलं नाही, तर नवी केबलही त्याच जागी तुटेल.

पुल्यांकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहा. आसावर डुगडुगत असेल, अडखळत असेल, खोबणीत केबलच्या वेटोळ्यांचे ठसे उमटले असतील, तर बदला. ठसे पडलेली खोबण नवी केबल किसणीसारखी खाते. प्लॅस्टिकच्या पुलीला आसाजवळ केसाएवढी चीर दिसली तरी ती बदलायची. ब्रॅकेट वाकून पुली तिरकी झाली असेल तर आधी ब्रॅकेट सरळ करा, केबल खोबणीत सरळ शिरली पाहिजे.

आता जाडीचा प्रश्न. या कामाला जी लवचिक गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेली) केबल वापरतात तिची बांधणी ७×१९ म्हणतात: १९ बारीक तारांचे ७ पेड, एकूण १३३ तारा. या बांधणीची ३.२ मिमीची केबल साधारण ९०० किलोला तुटते, ४.८ मिमीची साधारण १९०० किलोला. मघाचा हिशेब आठवा, खांबावर ४० किलो, वाईट दिवशी ८०. केबलवर पुल्यांच्या रचनेमुळे याच्या दुप्पट ताण आला, घर्षण धरून आणखी थोडा आला, तरी नव्या केबलची ताकद कमी पडत नाही. ती तुटते थकव्याने आणि गंजाने. थकवा वाकण्यातून येतो, आणि लहान पुलीवर जितकी जाड केबल, तितका प्रत्येक तारेला जास्त बाक बसतो. ५० मिमीच्या पुलीवर ४.८ मिमीची केबल चालत असेल, तर तिथे ६.४ मिमीची घातल्याने आयुष्य वाढणार नाही, कमी होईल. शिवाय ती खोबणीत बसणार नाही, कडांवर चढेल. म्हणून मूळची जाडी आणि ७×१९ हीच बांधणी घ्या. ७×७ किंवा १×१९ या ताठ बांधण्या अशा लहान पुलीवर चालवायच्या नसतात, दुकानात दिसायला सारख्याच वाटतात म्हणून विचारून घ्या.

स्टेनलेसबद्दल माझं मत: गाडी समुद्रकाठी असते आणि गंज हाच शत्रू असेल तर विचार करा, एरवी नको. ती सहजासहजी गंजत नाही, पण लहान पुल्यांवर वारंवार वाकताना गॅल्व्हनाइज्डपेक्षा लवकर थकते. शिवाय गंजाचा डाग दिसत नसल्याने आतून तारा तुटत चालल्या आहेत हे लवकर लक्षात येत नाही. दर हंगामाला कापडाने केबल पुसून पाहिली तर तुटलेली तार कापडात अडकते. ती तपासणी दोन्हींना लागू आहे. मात्र हे उघड्या हाताने करू नका, तारांची टोकं सुईसारखी शिरतात.

टोकं करणं हे या सगळ्या कामातलं खरं कसब. थिंबल म्हणजे केबलच्या टोकाच्या फासाच्या, ‘डोळ्याच्या’, आत बसणारी धातूची वळणदार खोबण घालून केबल तिच्याभोवती फिरवायची, दोन्ही पदर अंडाकृती तांब्याच्या स्लीव्हमधून काढायचे आणि त्या मापाच्या दाबयंत्राने दाबायचे. कितीदा दाबायचं हे स्लीव्हच्या मापाप्रमाणे हत्याराच्या तक्त्यात दिलेलं असतं. दाबल्यावर स्लीव्ह लांबते, म्हणून केबलचं मोकळं टोक आधी थोडं बाहेर ठेवायचं, दाबून झाल्यावरही ते दिसायला हवं. दाब पुरेसा बसला की नाही हे हत्याराबरोबरच्या मापपट्टीने तपासतात, स्लीव्ह त्या खाचेत गेली पाहिजे. पक्कड, हातोडा किंवा व्हाइसमध्ये चेपलेली स्लीव्ह बघायला घट्ट वाटते, पण भाराखाली निसटते. हत्यार नसेल तर मापं घेऊन जोड करून देणाऱ्याकडे केबल करवून घ्या. त्यात कमीपणा नाही. छताखाली माणसं झोपतात, त्यांच्या डोक्यावरचं वजन शेवटी या इंचभर तांब्यावर असतं.

यू-क्लॅम्प बसवायचेच झाले तर त्यांचं खोगीर, म्हणजे दात असलेला भाग, भार घेणाऱ्या पदराकडे यायला हवा आणि यू बोल्ट मोकळ्या पदराकडे. उलट बसवला तर बोल्ट नेमका भाराच्याच तारा चिरडतो. एका टोकाला एक क्लॅम्प कधीच पुरत नाही, मापाप्रमाणे दोन-तीन लागतात, आणि पहिल्यांदा भार पडल्यावर ते पुन्हा आवळावे लागतात. पण कॅम्परमध्ये खरी अडचण जागेची आहे. टोक मार्गदर्शक पाइपमधून किंवा पुलीजवळून जात असेल तर क्लॅम्पचे नट तिथे अडकतात. जे टोक जागचं हलत नाही आणि डोळ्यांसमोर असतं, तिथे एखाद्या प्रवासापुरते चालवून घ्या. कायमचा उपाय म्हणून मी ते लावत नाही.

लांबीच्या बाबतीत एक पद्धत मी कधीच सोडत नाही. चारही केबल एकाच फळीवर, एकाच बैठकीत करायच्या. फळीवर ठरलेल्या अंतरावर दोन जाड खिळे ठोकायचे आणि जोडीतल्या दोन्ही केबलचे डोळे त्याच खिळ्यांवर बसवून दाबायचे. मोजपट्टीने चार वेळा मोजलं तर दर वेळी दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होतात. तोच फरक छताच्या कडेला दिसतो. त्यानंतर प्रत्येक केबलला खांबावर येईल तेवढं वजन टांगून रात्रभर ठेवा. नव्या केबलचे पेड भाराखाली एकमेकांत बसतात आणि ती लांबते. अर्धा टक्का लांबली तरी ३ मीटरच्या केबलला ते १५ मिमी होतात. हे लांबणं गाडीवर बसवण्याआधी झालेलं बरं.

स्प्रिंगचा प्रकार असेल तर स्प्रिंग पूर्ण बाहेर काढून पुसा आणि जमिनीवर सरळ ठेवा. कुठे बाक राहिला असेल किंवा दोन वेटोळी एकमेकांवर चढली असतील तर ती ढकलताना त्याच जागी पुन्हा मुडपणार, बदलून टाका. वळणाचा पाइप आतून उजेड टाकून पाहा, घासून भोक पडलं असेल तर स्प्रिंग तिथूनच बाहेर येते. बसवताना स्प्रिंगला पाण्याने न धुपणारं ग्रीस सढळ लावा. खांबांच्या बाहेरच्या बाजूला मात्र ग्रीस नको, त्यावर धूळ बसून सहाणेसारखा लेप तयार होतो. तिथे कोरडा सिलिकॉन स्प्रे पुरे.

खांब छताला जिथे जोडलेले असतात ते चार ब्रॅकेट सोडवल्यावर त्यामागचं लाकूड स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने टोचून पाहा. छताच्या कोपऱ्यातून पाणी झिरपलं असेल तर तिथलं लाकूड भुसभुशीत झालेलं असतं आणि स्क्रू नुसते टेकलेले असतात. भिजलेलं छत जडही होतं. नवी केबल आणि कुजलेला कोपरा ही जोडी सगळ्यात धोक्याची, कारण आता ओढणारा भाग मजबूत आहे आणि धरणारा नाही. असं दिसलं तर आधी छताची दुरुस्ती, मग बाकीचं.

विंच. चांगल्या ब्रेक-विंचमध्ये दातेरी चाकावर पडणारी खिट्टी आणि घर्षणाच्या चकत्या असतात. छत वर नेताना टक-टक आवाज येतो, खाली आणताना येत नाही, हे बरोबर आहे. वर नेताना आवाज बंद झाला तर खिट्टी किंवा तिची बारीक स्प्रिंग गेली आहे, तो विंच वापरायचा नाही. चकत्यांना तेल किंवा ग्रीसचा थेंबही लागू देऊ नका. गिअरच्या दातांना आणि आसाच्या बुशना ग्रीस चालतं, तेही हात राखून. हँडलच्या जागी ड्रिल मशीन लावून छत वर-खाली करणारे बरेच आहेत. त्या वेगाने चकत्या तापून गुळगुळीत होतात आणि ब्रेक धरेनासा होतो. हाताच्या विंचला हातच हवा. नवी केबल ड्रमवर उत्पादकाने दाखवलेल्या दिशेनेच गुंडाळा. उलटी गुंडाळली तर छत वर जातं, पण ब्रेक भाराच्या विरुद्ध दिशेला लागतच नाही. छत पूर्ण खाली असतानाही ड्रमवर किमान तीन वेढे उरले पाहिजेत. केबल धरून ठेवण्याचं बरंचसं काम या वेढ्यांचं घर्षण करतं, ड्रमवरचा छोटा स्क्रू एकटा ते करू शकत नाही.

सगळं बसल्यावर समतल करणं. आधी छत टेकूंवर असताना चारही केबलची ढील हाताने सारखी काढा. मग छत टेकूंवरून जेमतेम उचला, टेकू शेजारीच उभे ठेवून, आणि डब्याच्या कडेपासून छताच्या कडेपर्यंतचं अंतर चारही कोपऱ्यांत मोजा. स्पिरिट लेव्हल इथे फसवते, कारण गाडीच जराशी कललेली असू शकते. हेच माप एक तृतीयांश उंचीवर, अर्ध्यावर आणि पूर्ण वर घ्या. पाच-सहा मिलिमीटरच्या आत फरक असला तर उत्तम. खालचा कोपरा वर आणायला त्याच्या केबलच्या आट्यांच्या टोकावरचा नट थोडा आवळा, लॉक-नट पुन्हा घट्ट करा.

पण माप जुळलं म्हणजे काम झालं, असं समजू नका. इथे पहिला मुद्दा परत येतो. छताला थोडी लवचीकता असते, त्यामुळे चारही कोपरे मापाने सारखे दिसत असतानाही सगळा भार एका तिरक्या जोडीवर असू शकतो. छत अर्ध्या उंचीवर धरा आणि गाडीखाली जाऊन, म्हणजे अर्थातच टेकू आणि स्टँड जागेवर असताना, चारही केबल बोटाने बाजूला दाबा. दोन ताठ आणि तिरकस समोरच्या दोन मऊ लागल्या तर ढिल्या जोडीला दोघींनाही अर्धा-अर्धा आटा आवळा आणि ताठ जोडीला तेवढाच सोडा. माप पुन्हा घ्या. हे तीन-चार वेळा करावं लागतं, घाई करू नका. बोटाला चौघींचा ताण सारखा लागेपर्यंत थांबू नका, कारण एका जोडीवर भार ठेवून सोडलेलं छत पुढच्या वेळी त्याच जोडीतली एक केबल तोडतं.

मग टेकू थोडे आखूड करून खाली उभे ठेवा आणि छत काही वेळा पूर्ण वर-खाली करा. खाली आणताना हँडल फिरतं आहे पण छत उतरत नाही, असं एका क्षणासाठीही वाटलं तर लगेच थांबा आणि तेवढीच केबल परत गुंडाळा. कुठला तरी खांब अडकला आहे आणि केबल ढिली होत चालली आहे. तो खांब अचानक सुटला तर छत तेवढ्या ढिलीइतकं एका झटक्यात खाली येतं, आणि तो झटका नव्या स्लीव्हलाही सोसत नाही. खांब बाहेरून पुसा, वाकलेला नाही ना पाहा, सिलिकॉन मारा, मग पुन्हा.

छत पूर्ण वर कधी पोचलं हे अंदाजावर सोडू नका. काही गाड्यांत खांबाजवळ एक बारीक तार असते, ती ताठ झाली की थांबायचं. तशी तार नसेल तर कॅनव्हास ताणल्याशिवाय सरळ बसेल अशा उंचीला विंचजवळ मुख्य केबलवर ठळक रंगाची खूण करा. खूण नव्या केबलवर नव्याने करायची, जुन्याचं माप तिला लागू नाही. पहिल्या एक-दोन मुक्कामांनंतर चारही कोपऱ्यांची मापं आणि बोटाची तपासणी पुन्हा करा, तोपर्यंत केबल आणखी थोड्या बसलेल्या असतात.

राहिला इलेक्ट्रिक विंच. पाठीचा किंवा खांद्याचा त्रास असेल तर त्याची गरज मला पूर्ण समजते, पण आत्ता, या दुरुस्तीबरोबर, बसवू नका. नव्या केबल बसेपर्यंत अडकलेला खांब आधी कळतो तो हँडल धरलेल्या हाताला. हँडल जड लागतं आणि माणूस थांबतो. मोटर थांबत नाही, ती कॅनव्हास किंवा केबल यांपैकी काहीतरी तुटेपर्यंत ओढत राहते. एक हंगाम हाताने चालवा. त्यानंतर बसवलात तर वरच्या आणि खालच्या दोन्ही टोकांना आपोआप बंद होणारे लिमिट स्विच हवेत, भार धरून ठेवणारा ब्रेक हवा आणि बॅटरी उतरली तर हाताने खाली आणायची सोय हवी. चिखलात रुतलेली गाडी ओढायला बनवलेले विंच या कामाला घेऊ नका. ते ओढण्यासाठी असतात, माणसांच्या डोक्यावर भार धरून ठेवण्यासाठी नाहीत, आणि बऱ्याच जणांच्या माहितीपत्रकात ते स्पष्ट लिहिलेलं असतं.